बडोद्याचें पुस्तकालय आणि त्याचे निरक्षर वाचक

पुस्तकालय म्हणजे वाचणारांची जागा, ही समजूत आपल्याकडे इतकी रूढ आहे कीं तिच्याविषयीं कोणास शंकाहि येत नाहीं. ज्याला अक्षर येत नाहीं त्याचें तेथें काय काम, असें सहज विचारलें जातें. परंतु ज्या काळीं हिंदुस्थानांत सार्वजनिक पुस्तकालयांची चळवळ मूळ धरूं लागली त्या काळीं, म्हणजे १९११ च्या शिरगणतीच्या सुमारास, या देशांतील शंभर माणसांपैकीं सुमारें सहाच माणसें साक्षर होतीं. हा आंकडा लक्षांत घेतला म्हणजे पुस्तकालय हें नगराचें कीं नगरांतील मूठभर शिक्षितांचें, हा प्रश्न टाळतां येत नाहीं. बडोदें संस्थानानें तो टाळला नाहीं. म्हणूनच तेथील पुस्तकालयाचा इतिहास हा निव्वळ ग्रंथांच्या संख्येचा इतिहास झाला नाहीं.

त्यापूर्वीं मराठी मुलखांत पुस्तकालयें नव्हतीं असें नाहीं. रत्नागिरीचें वाचनालय १८२८ सालचें. पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी, जी पुढें नगर वाचन मंदिर या नांवानें प्रसिद्ध झाली, ती १८४८ सालची. ठाण्यास १८९३ सालीं विनायक लक्ष्मण भावे प्रभृति मंडळींनीं मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापिलें, आणि पांच वर्षांनीं मुंबईकरांनींहि तोच कित्ता गिरविला. या संस्थांचे उपकार मोठे आहेत. पदरमोड करून, घरोघर वर्गणी मागून, प्रसंगीं कोणाच्या माडीवर तर कोणाच्या ओसरीवर त्या चालविल्या गेल्या. पण त्यांचा पाया वर्गणीचा होता. वर्गणी देणार तो वर्गणीदार, व जो वर्गणीदार तोच वाचक. बाकीचें गांव रस्त्यानें जातां-येतां पाटी पाहत असे, आणि ज्यास पाटीहि वाचतां येत नसे त्याला आंत काय चालतें याचा पत्ता नसे. हा दोष त्या चालकांचा नव्हे. ज्या खासगी संस्थेला राजाश्रय नाहीं तिनें याहून अधिक काय करावें?

बडोद्यास राजाश्रय होता, आणि तो ज्या राजाचा होता त्याची गोष्ट थोडी निराळी आहे. नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवच्या शेतकरी गायकवाडांच्या घरांतील गोपाळराव नांवाचा मुलगा १८७५ सालीं महाराणी जमनाबाईंनीं दत्तक घेतला, तेव्हां तो बारा वर्षांचा होता व त्यास लिहितां-वाचतां येत नव्हतें. गादीवर बसल्यावर त्याच्या विद्येस ओनाम्यापासून प्रारंभ झाला. इलियट नांवाच्या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखालीं, दिवाण सर टी. माधवराव यांच्या काळांत, हा मुलगा शिकला आणि १८८१ अखेर सयाजीराव महाराज म्हणून त्यानें राज्यकारभार हातीं घेतला. बारा वर्षांपर्यंत अक्षराविना राहिलेल्या माणसाला अक्षराचें मोल काय वाटत असेल, हें ज्यांना पांचव्या वर्षीं पाटी-पेन्सिल मिळाली त्यांनीं नुसतें अनुमानानेंच जाणावें. १८९३ सालीं महाराजांनीं अमरेली तालुक्यांत सक्तीचें व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलें आणि १९०६ सालीं तें संस्थानभर लागू केलें.

शाळा निघाल्या, मुलें बसूं लागलीं. पण शाळाखात्याच्या अनुभवास एक गोष्ट येऊं लागली, जी कोणत्याहि खेड्यांतील पंतोजीच्या परिचयाची आहे. मुलगा चार-पांच पुस्तकें शिकतो, शाळा सोडतो, बापाबरोबर शेतावर जातो. घरांत पंचांगापलीकडे छापील कागद नसतो. आणि पांच-सात वर्षांत त्याला सहीपुरतेंच अक्षर उरतें. शिकविलेलें टिकावयाचें तर शाळेच्या पुढें कांहीं तरी पाहिजे होतें. पुस्तकालयांची कल्पना बडोद्यांत या गरजेंतून वाढली. ती हौसेची नव्हती.

१९०६ सालीं अमेरिकेच्या प्रवासांत महाराजांनीं तेथील विद्यासंस्था पाहिल्या होत्या. १९१० सालीं ते पुन्हां तिकडे गेले, तेव्हां विल्यम अॅलन्सन बॉर्डन नांवाच्या ग्रंथपालास त्यांनीं बडोद्यास आणण्याचें ठरविलें. बॉर्डन हे त्या वेळीं पन्नाशी उलटलेले गृहस्थ. न्यू हेवन येथील संस्थेचें पुस्तकालय त्यांनीं वीस वर्षांहून अधिक काळ संभाळलें होतें. कटर व ड्यूई या दोघां नामांकित ग्रंथालयशास्त्रज्ञांशीं त्यांचा प्रत्यक्ष संबंध आलेला होता. बडोद्यास ते तीनच वर्षें राहिले. तेवढ्या अवधींत त्यांनीं ड्यूई आणि कटर यांच्या पद्धतींचा मेळ घालून बडोद्यापुरतें स्वतंत्र वर्गीकरण बसविलें आणि १९११ सालीं ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग काढला. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हें नियतकालिक निघूं लागलें. त्यांत इंग्रजी, गुजराथी आणि मराठी असे तीन विभाग असत. १९१३ सालीं ते परत गेल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनीं हें काम पुढें चालविलें.

पण वर्गीकरण आणि पत्रिका या पडद्यामागच्या गोष्टी होत. नगरजनांना दिसलें तें निराळेंच. महाराजांनीं राजवाड्यांतला स्वतःचा सुमारें वीस हजार ग्रंथांचा संग्रह काढून नगरास देऊन टाकला, आणि शहराच्या ऐन मध्यावर, मांडवीजवळ, जुन्या सरकारवाड्यांत मध्यवर्ती पुस्तकालय मांडलें गेलें. राजघराण्याचा वाडा, जेथें पूर्वीं भालदार-चोपदारांशिवाय पाऊल पडत नसे, तेथें गल्लीबोळांतील माणूस वर्गणीची एक पैहि न देतां वर्तमानपत्र वाचावयास बसूं लागला. प्रजेची भाषा गुजराथी, राजघराण्याची व कितीएक कामगारांची मराठी, आणि वरिष्ठ शिक्षणाची इंग्रजी. तिन्ही भाषांतील पुस्तकें एका छपराखालीं आलीं. वर्तमानपत्राची मौज अशी कीं तें एकजण वाचतो आणि दहाजण ऐकतात. महायुद्धाच्या दिवसांत तर आपल्याकडे कोठेंहि, चावडीवर काय किंवा वाचनालयाच्या ओट्यावर काय, मोठ्यानें वाचणारा एक आणि भोंवतीं कान टवकारून बसलेलें मंडळ, हेंच दृश्य असे. या ऐकणारांची गणती पुस्तकालयाच्या कोणत्याहि वार्षिक अहवालांत होत नाहीं. होऊं लागली तर वाचकांचे आंकडे कितीतरी वाढतील!

स्त्रियांसाठीं स्वतंत्र वाचनालय काढण्यांत आलें. त्या काळीं घरंदाज बाईनें परक्या पुरुषांच्या मेजाशेजारीं बसून मासिक चाळणें ही गोष्ट बडोद्यांत काय किंवा पुण्यांत काय, लोकांस रुचणारी नव्हती. तेव्हां दार निराळें ठेवणें हीच पुढची पायरी होती. आज कोणी यास भेदभाव म्हणेल; पण जें दार निराळें होतें म्हणूनच ज्यांना घराबाहेर पडतां आलें, त्यांना त्या शब्दापेक्षां त्या दाराचें महत्त्व अधिक वाटलें असलें पाहिजे. महाराणी चिमणाबाईंनीं १९११ सालीं हिंदी स्त्रियांच्या स्थितीविषयीं इंग्रजींत एक ग्रंथ मित्र नांवाच्या सहलेखकासह प्रसिद्ध केला होता, आणि पुढें स्वतः पडद्याची चालहि मोडली. राजवाड्यांतूनच असा पाठिंबा असल्यावर नगरांतील कुटुंबांची भीड चेपावयास वेळ लागला नाहीं.

मुलांचा विभाग तर त्याहून नवलाचा. तेथें पुस्तकांबरोबर खेळ ठेवलेले होते. ज्या काळीं मुलानें गोष्टीचें पुस्तक हातीं धरलें कीं वडील मंडळी “अभ्यास कर” म्हणून तें ओढून घेत, त्या काळीं राज्याच्या खर्चानें मुलांना खेळावयास व चित्रांचीं पुस्तकें आपल्या हातानें कपाटांतून काढावयास जागा करून देणें, हें धाडसच म्हटलें पाहिजे. पुस्तकें फाटतात, हरवतात, ही तक्रार मुलांच्या पुस्तकालयाविरुद्ध नेहमींच केली जाते. ती खरीहि आहे. पण न फाटलेलें मुलांचें पुस्तक म्हणजे न वाचलेलें पुस्तक.

या सर्वांहून बडोद्याच्या कल्पकतेची साक्ष पटते ती चित्रांच्या विभागांत. ज्याला वाचतां येत नाहीं त्याला पाहतां तर येतें, या साध्या विचारावर हा विभाग उभारला गेला. मॅजिक लॅन्टर्नच्या कांचा, चलच्चित्रांच्या फिती, आणि दोन भिंगांतून पाहिल्यावर सपाट चित्र उठावदार दिसूं लागतें तीं स्टीरिओस्कोपचीं यंत्रें, असा संग्रह पुस्तकालयाच्याच खात्यांत ठेवण्यांत आला. तो घेऊन माणसें शहरांत व खेडोपाडीं जात आणि फुकट खेळ दाखवीत. चित्र पडद्यावर पडत असे आणि सांगणारा शेजारीं उभा राहून समजावून देई. दिव्याच्या साह्यानें भिंतीवर चित्रें दाखविणें मराठी लोकांस अगदींच अपरिचित नव्हतें. कल्याणच्या पटवर्धनांनीं १८९२ च्या सुमारास आपली ‘शांबरिक खरोलिका’ दाखविण्यास आरंभ केला होता, आणि दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालीं मुंबईस झळकला. पण तेथें तिकीट होतें आणि हेतु करमणुकीचा होता. बडोद्यानें तोच पडदा पुस्तकाचा धाकटा भाऊ मानला. गांवच्या मोकळ्या मैदानावर अंधार पडल्यावर जमलेल्या त्या मंडळींपैकीं बहुतेकांना स्वतःचें नांव लिहितां येत नसे. तरी ते पुस्तकालयाचेच वाचक होते, असें म्हणण्यांत अतिशयोक्ति नाहीं.

खेड्यांसाठीं आणखी एक सोय होती: फिरत्या पुस्तकालयांची. लांकडाच्या मजबूत पेटींत निवडक पुस्तकें भरून ती पेटी आगगाडीनें गांवीं पाठवावयाची, गांवकऱ्यांनीं वाचून परत करावयाची, आणि जाण्यायेण्याचें भाडें सरकारनें सोसावयाचें. जेथें कायमचें पुस्तकालय पाहिजे असेल तेथें नियम असा केला होता कीं गांवानें जितकी रक्कम जमवावी तितकीच स्थानिक पंचायतीनें आणि तितकीच संस्थानानें द्यावी. हा तिसऱ्या हिश्शाचा नियम मोठा शहाणपणाचा ठरला. सर्वस्वी फुकट मिळालेल्या वस्तूची गांव पर्वा करीत नाहीं, आणि सर्व भार गांवावर टाकला तर तें काम कधीं होतच नाहीं. या खेडोपाडींच्या कामांत मोतीभाई अमीन यांनीं आयुष्य वेंचलें. बॉर्डन येण्याच्या चार वर्षें आधीं, १९०६ सालींच, त्यांनीं मित्रमंडळांच्या द्वारें गांवोगांव वाचनालयें काढावयास प्रारंभ केला होता. गुजराथेंत पुस्तकालयांच्या चळवळीचे जनक म्हणून त्यांचें नांव घेतात तें उगीच नव्हे. अमेरिकेहून शास्त्र आलें खरें, परंतु त्याला धरावयाला जमीन अगोदर नांगरलेली होती.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून हा वृत्तांत खरा होणार नाहीं. महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क येथें शिकून डॉ. भीमराव आंबेडकर १९१७ सालीं करारानुसार नोकरी करण्यास बडोद्यास आले. मध्यवर्ती पुस्तकालय त्या वेळीं भरभराटींत होतें. पण या विद्वान तरुणास त्या नगरांत राहावयास एक खोली कोणी देईना. पारशांच्या उतारशाळेंत ते राहिले, तेथूनहि जात उघड होतांच लाठ्या घेऊन आलेल्या जमावानें त्यांना बाहेर काढलें, आणि नगरच्या बागेंत एका झाडाखालीं बसून त्यांना अश्रु ढाळावे लागले. राजाला पुस्तकालयाचें दार हुकुमानें उघडतां आलें. प्रजेच्या घराचें दार त्याला उघडतां आलें नाहीं. पुस्तकें सर्वांस मोफत देणारें शहर आणि एका ग्रंथप्रेमी माणसास छप्पर नाकारणारें शहर एकच होतें, आणि तेंहि एकाच सालीं. बडोद्याच्या पुस्तकालयाची स्तुति करतांना ही बाजू झांकून ठेवणें न्यायाचें नाहीं.

तथापि काम थांबलें नाहीं. संस्कृत पोथ्यांचा विभाग वाढत वाढत पुढें १९२७ सालीं प्राच्यविद्यामंदिर म्हणून वेगळा झाला. त्याची कथा स्वतंत्र आहे. मध्यवर्ती पुस्तकालयास प्रशस्त इमारत लाभली. तींत पोलादी मांडण्या आणि कांचेच्या जाड तक्त्यांच्या तक्तपोशा आहेत, त्यामुळें वरचा उजेड खालच्या मजल्यांपर्यंत झिरपतो. पुस्तकांच्या दाट रांगांमधून दिवसा दिवा न लावतां फिरतां यावें, आगीचें भय नसावें, असा त्यांतील हेतु. मोतीभाई अमीन आणि सयाजीराव महाराज हे दोघेहि १९३९ सालींच वारले. दहा वर्षांनीं, १९४९ सालीं, बडोदें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि १९६० सालीं तें नगर गुजराथ राज्यांत गेलें. राजा गेला, संस्थान गेलें, सरकारें बदललीं. मांडवीजवळचें मध्यवर्ती पुस्तकालय गुजराथ सरकारच्या खात्याखालीं चालूं राहिलें, आणि वाड्यांतून आलेल्या ग्रंथांच्या शेजारीं गुजराथी, मराठी व इंग्रजी पुस्तकांची भर पडत गेली.