फोनची पिन आणि तिचं कूळ

लँडलाइनच्या डबीत खट् आवाज करून बसणारी ती इवलीशी पारदर्शक पिन आपल्याकडेही घरोघरी पोचली. वायरमन तिला आरजे-११ म्हणतात. यातलं आरजे म्हणजे रजिस्टर्ड जॅक. नोंद अमेरिकन सरकारदरबारची. एवढ्याशा पिनेला सरकारी नोंद लागावी, यामागे जवळपास तीस वर्षांचं भांडण आहे.

विसाव्या शतकात अमेरिकेत बहुतेकांसाठी फोन म्हणजे एटी अँड टी, म्हणजेच बेल सिस्टिम. तारा तिच्या, एक्स्चेंज तिचं आणि घरातलं यंत्रही तिचंच. ग्राहक दरमहा भाडं भरायचा. कंपनीने न दिलेली कुठलीही वस्तू फोनला लावायला बंदी होती, आणि बहुतेक घरांत वायर भिंतीशी स्क्रूने पक्की केलेली असे. सेवा मात्र चोख. यंत्रं दणकट, बिघडली तर कंपनीचा माणूस हजर. ट्रान्झिस्टरही १९४७ साली बेलच्याच प्रयोगशाळेत जन्मला. मग तक्रार कसली?

तक्रार एका पेल्याची होती. हश-ए-फोन हा बोलायच्या तोंडावर बसवायचा साधा पेला. त्यात बोललं की शेजारच्याला ऐकू जात नसे. त्यात ना वीज, ना वायर. तरी बेलने हरकत घेतली. १९४८ साली पेलेवाल्यांनी दाद मागितली, १९५५ साली दूरसंचार आयोगाने कंपनीची बाजू घेतली आणि १९५६ साली अपील कोर्टाने आयोगाचा निर्णय फिरवला. एका पेल्यासाठी आठ वर्षं!

पेला निदान बाजारात तरी आला. बेलच्याच क्लॅरेन्स हिकमन यांनी १९३०च्या दशकात चुंबकीय फितीवर निरोप टिपून ठेवणारं यंत्र बनवलं होतं. बोलणं टिपलं जाईल या धास्तीने लोक फोन टाळतील, असं वाटून कंपनीने ते संशोधनच गुंडाळलं. असं यंत्र अमेरिकन घरांत सर्रास दिसायला ऐंशीचं दशक उजाडलं.

पुढे टेक्ससच्या टॉम कार्टर यांनी कार्टरफोन काढला. रिसीव्हर त्यावर ठेवला की तेलविहिरीवरचा माणूस वायरलेसवरून थेट फोनवर बोलू शके. बेलने तो वापरणाऱ्यांना जोडणी तोडण्याच्या धमक्या दिल्या. १९६८ साली आयोगाने कार्टर यांच्या बाजूने कौल दिला. तेव्हा बेलने नवी अट काढली: परकं यंत्र लावा, पण मध्ये आमची संरक्षक पेटी हवी, आणि तिचं भाडंही. हा कोडगेपणा मोडायला सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध आला. यंत्राची नोंदणी करा, ठरलेली पिन लावा, जोडा, असा नियम झाला. पिनेची रचना बेलच्याच इंजिनियरांची होती. मग दुकानातून फोन आणता येऊ लागला. मॉडेम आणि फॅक्सलाही थेट तारेवर वाट मिळाली.

१ जानेवारी १९८४ रोजी बेलचे तुकडे झाले. लांबचे कॉल स्वस्त झाले, स्थानिक बिलं वाढली, आणि जुनी बेलच बरी होती म्हणणारे निघाले. त्यांच्या हिशेबात बिल होतं. हिकमन यांचं दडपलेलं यंत्र नव्हतं. मला तो हिशेब अपुरा वाटतो.