सोळा वर्षं उघडा राहिलेला बग

सप्टेंबर २०००. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एक नवी शाळा सुरू झाली. पटावर मुलं २,२७०. त्या महिन्याचे जवळजवळ दहा लाख डॉलर राज्य सरकारने शाळेला दिले. पुढे राज्याच्या ऑडिटरने नोंदी तपासल्या, तेव्हा कळलं की त्या महिन्यात शाळेच्या सिस्टिममध्ये लॉगिन केलेली मुलं होती सात. सातशे नाही, सत्तर नाही. सात!

शाळेचं नाव इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो. सगळे तिला ईकॉट म्हणायचे. वर्ग नाही, घंटा नाही. मुलाच्या घरी कॉम्प्युटर पाठवायचा आणि इंटरनेटवरून शिकवायचं. संस्थापक विल्यम लागर यांनी या शाळेचा आराखडा एका वॉफल हाऊसमध्ये बसून कागदी नॅपकिनवर लिहिला, अशी गोष्ट सांगितली जाते. ओहायोच्या १९९७ च्या कायद्याने अशा शाळांना वाट करून दिली होती: चालवणार खाजगी मंडळी, पैसा सरकारी, आणि तो पटावरच्या मुलांच्या संख्येवर. एका मुलामागे वर्षाला साधारण सहा हजार डॉलर.

आता अशा शाळेत कोण येणार? आजारी मुलं, वर्गात छळ झालेली, नोकरी करून घर चालवणारी, कमी वयात आई झालेल्या मुली. आणि मुख्य म्हणजे नेहमीच्या हायस्कूलमध्ये नापास होत होत गळालेली किंवा गळण्याच्या बेतात असलेली मुलं. आपल्याकडे निदान १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. अमेरिकेत हायस्कूलचा डिप्लोमा हवा असेल तर एकेका विषयाचे क्रेडिट साठवावे लागतात. ते राहिले की मूल अडकलं. अशा मुलासाठी घरबसल्या शाळा ही खरोखरच मोठी सोय होती, आणि ईकॉटमधून दर वर्षी शेकड्यांनी मुलं डिप्लोमा घेऊन बाहेर पडलीही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून सगळंच थोतांड होतं असं वाटायला नको.

तर मूळ प्रश्न असा, की पैसे देणाऱ्या सरकारने नेमकं काय मोजायचं?

वर्गातल्या शाळेत मूल बाकावर दिसतं. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात पटपडताळणी झाली होती, आठवतं? मुलांच्या बोटाला शाई लावून मोजदाद केली आणि लाखोंनी बोगस नावं बाहेर पडली. शाई लावायला निदान बोट तरी होतं. ईकॉटमध्ये होतं फक्त युजरनेम.

कायद्यात अट होती वर्षाला ९२० तासांच्या शिक्षणाच्या 'संधी'ची. साधारण दिवसाला पाच तास. ईकॉटने हा 'संधी' शब्द घट्ट धरला. आम्ही संधी दिली, मुलाने ती घेतली की नाही हा आमचा प्रश्न नाही, असा सगळा युक्तिवाद. २००३ मध्ये शिक्षण खात्याबरोबर झालेला एक करारही शाळेच्या हाताशी होता.

म्हणजे बग पहिल्याच महिन्यात सापडलेला, रिपोर्टही झालेला. आणि तिकीट मात्र उघडंच!

असं का झालं? देखरेख करणारं कोणीच नव्हतं असं नाही, उलट तीन-तीन जण होते. एक, शाळेची 'प्रायोजक' संस्था. शाळेवर लक्ष ठेवणं हे तिचं काम, पण तिला फी मिळायची शाळेच्या सरकारी निधीतून, तीन टक्क्यांपर्यंत. पट वाढला की फी वाढली. दोन, शिक्षण खातं. ते बघायचं शाळेने भरून दिलेले आकडे. तीन, राज्याचा ऑडिटर. तो बघायचा हिशेबाची वही. वही इतकी नेटकी होती की ऑडिटरच्या कार्यालयाकडून ईकॉटला पुरस्कारही मिळाले! प्रत्येकाने आपापला रकाना तपासला आणि प्रत्येक रकाना बरोबर निघाला. 'या मुलाने आज काय केलं?' हा रकाना कोणाच्याच फॉर्ममध्ये नव्हता.

शिवाय राजकारण होतंच. लागर यांनी ओहायोतल्या राजकारण्यांना वर्षानुवर्षं मिळून सुमारे वीस लाख डॉलरच्या देणग्या दिल्या. शाळेचा मोठा खर्च त्यांच्याच दोन कंपन्यांकडे जायचा, एक व्यवस्थापन करणारी आणि दुसरी सॉफ्टवेअर पुरवणारी. पदवीदान समारंभाला २०१० मध्ये जेब बुश आले, २०११ मध्ये गव्हर्नर जॉन केसिक आले.

पण मला सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे. निकालावर कोणी बोट ठेवलं की शाळेचं उत्तर तयार असायचं: आमच्याकडे मुलंच अशी येतात, बाकीच्यांनी सोडून दिलेली. आता हे उत्तर खरं होतं! दोन वर्षं मागे पडलेलं मूल चार वर्षांत पदवीधर झालं नाही, तर दोष शेवटच्या शाळेचाच कसा? म्हणूनच ओहायोने 'ड्रॉपआउट रिकव्हरी' शाळांसाठी वेगळी, सौम्य मोजपट्टी ठेवली आहे, आणि ती असायलाच हवी. पण खरं उत्तर ढाल म्हणूनही वापरता येतं. २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने सरकारी आकडेवारीवरून दाखवलं, की वेळेत हायस्कूल पुरं न करणाऱ्या मुलांची संख्या देशात सर्वात जास्त कुठे असेल, तर ती ईकॉटमध्ये. पुढच्याच वर्षी शाळेने आपल्यालाही ड्रॉपआउट रिकव्हरीचा दर्जा मिळावा म्हणून हालचाल सुरू केली.

२०१६ मध्येच शिक्षण खात्याने अखेर लॉग मागितले. २०१५-१६ साठी शाळेचा दावा होता १५,३२२ पूर्णवेळ विद्यार्थ्यांचा. पुराव्यानिशी सिद्ध झाले ६,३१३. बऱ्याच मुलांचे लॉग दिवसाला जेमतेम तासाभराचे होते. खात्याने त्या एका वर्षाचे सहा कोटी डॉलर परत मागितले, पुढच्या वर्षाचे आणखी जवळजवळ दोन कोटी. शाळा कोर्टात गेली. दरम्यान जुलै २०१७ पासून दर महिन्याला सुमारे २५ लाख डॉलर निधीतून कापले जाऊ लागले. ऑडिटर डेव्ह योस्ट यांच्या मे २०१८ च्या अहवालात म्हटलं, की मुलं प्रत्यक्ष किती वेळ शिकत होती याची खरी माहिती शाळेला देता येत होती, पण तिने ती दिली नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध २ असा निकाल दिला: मुलाने प्रत्यक्ष किती वेळ भाग घेतला हे बघून पैसे ठरवायचा खात्याला अधिकार आहे. २०२२ मध्ये नव्या ऑडिटरने येण्याची रक्कम काढली ती ११ कोटी ७० लाख डॉलर.

पण निकाल लागला तेव्हा शाळा उरलीच नव्हती. तिजोरी रिकामी होत आली म्हणून प्रायोजक संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये ती बंद केली. ऐन वर्षाच्या मध्यावर. सुमारे १२,००० मुलं काही दिवसांत दुसरी शाळा शोधायला निघाली. एक शाळा आधीच सुटलेल्या मुलांची दुसरीही सुटली. त्यात न शिकणारी होती, तशी रोज इमानदारीत पाच तास बसणारी आणि चार महिन्यांनी डिप्लोमा हातात येणार म्हणून दिवस मोजणारीही होती. लॉगमध्ये दोघांचा फरक स्पष्ट दिसत होता. बंद करताना तो कोणी बघितला नाही.

आपल्या धंद्यात म्हणतात, बग जितका उशिरा सापडेल तितका तो महाग पडतो. इथे तो उशिरा सापडला नव्हता, उशिरा वाचला गेला. सात लॉगिनच्या वेळी शाळेला नीट हजेरी ठेवायला लावणं हे काही महिन्यांचं काम होतं. सोळा वर्षांनी तेच काम शाळेचा जीव घेऊन झालं. देखरेख म्हटलं की आपल्याला छापे आणि वसुली आठवते. पण गळालेल्या मुलांच्या शाळेवर नजर ठेवायची ती पैसे परत मिळावेत म्हणून नंतर, आणि मूल दुसऱ्यांदा गळू नये म्हणून आधी. ओहायोला त्यातला पहिला भागही पुरता जमला नाही.