आरोग्यशिक्षणाचा गाळलेला धडा : दापोली, र. धों. कर्वे आणि बाबासाहेबांनी लढवलेला खटला

शाळेत आरोग्य म्हणजे काय शिकवतात? नखे कापा, दात घासा, जेवणाआधी हात धुवा. यात चूक काहीच नाही. पण दहावीच्या विज्ञानातला मानवी प्रजननाचा भाग आला की अनेक वर्गांत आवाज खाली येतो आणि "हे घरी वाचा" म्हणून पान उलटले जाते. मुलांना स्वच्छतेची शिस्त मिळते, शरीराचे ज्ञान मिळत नाही. हा प्रश्न आपल्या चळवळीचा आहे का, असे काही कार्यकर्ते विचारतात. त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे, आणि त्याची सुरुवात रत्नागिरी जिल्ह्यात होते.

स्वच्छतेचा उपदेश आपल्या लोकांना नेहमीच ऐकवला गेला. पण पाणी? दापोली ही महार पेन्शनर सैनिकांची वस्ती असलेली लष्करी छावणीची जागा. गोपाळबाबा वलंगकर याच परिसरातले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात या पेन्शनरांनी आपल्या मुलांना सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत घ्यावे म्हणून अर्ज केले, तेव्हा मुलांच्या वाट्याला व्हरांडा आला. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर याच दापोलीत काही काळ राहिले. पुढे साताऱ्याच्या शाळेत भीमरावाला नळाला हात लावता येत नव्हता. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसला तर तहान. ज्या शाळेत नळच निषिद्ध होता, तिथे "हात धुवा" हा धडा कोणासाठी होता?

म्हणून 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, तो समतेचा लढा होता आणि सार्वजनिक आरोग्याच्या हक्काचाही होता. त्याच वर्षी जुलैत मुंबईत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू झाले. संपादक रघुनाथ धोंडो कर्वे मूळचे दापोली तालुक्यातल्या मुरुडचे. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यात. एकाच मुलखातली ही दोन घराणी, पण जातीच्या उतरंडीत दोन टोकांना.

कर्वे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार सोडायला तयार नव्हते म्हणून 1925 मध्ये त्यांना विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली. 'समाजस्वास्थ्य'मध्ये ते गुप्तरोग, संततिनियमन आणि स्त्रीच्या लैंगिक हक्कांवर लिहीत, वाचकांच्या प्रश्नांना शास्त्रीय उत्तरे देत. सनातन्यांच्या तक्रारींवरून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात आक्षेप होता तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. त्या वेळी त्यांचे वकीलपत्र घेतले बॅरिस्टर आंबेडकरांनी. लैंगिक विषयावरचे लिखाण केवळ विषयामुळे अश्लील ठरत नाही, लोकांच्या मनात शंका आणि गैरसमज असतील तर ते ज्ञानानेच दूर होतील, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना 200 रुपये दंड झाला.

इथे एक आक्षेप येतो : एका चित्पावन ब्राह्मणाच्या मासिकासाठी बाबासाहेबांनी वेळ का द्यावा? ते साल पाहा. पुणे करार होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, राजकीय हक्कांची लढाई सुरूच होती. तरीही त्यांनी अशिलाचे आडनाव पाहिले नाही, मुद्दा पाहिला. ज्ञान कोणाला मिळावे हे धर्माच्या ठेकेदारांनी ठरवायचे नाही, हा तो मुद्दा. वेद ऐकू नको आणि शरीर समजून घेऊ नको, या दोन्ही बंद्या एकाच डोक्यातून निघतात.

बाबासाहेब कोर्टात थांबले नाहीत. 10 नोव्हेंबर 1938 रोजी स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागे विचार बाबासाहेबांचा होता : वारंवारच्या बाळंतपणाने झिजणारी आई, दगावणारी मुले आणि न फिटणारे दारिद्र्य. ठराव 11 विरुद्ध 52 मतांनी पडला. 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी हेच थेट आपल्या आयाबहिणींना सांगितले : स्वच्छ राहा, मुलांना शिकवा, लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका.

आता 2007 कडे या. शाळांत पौगंडावस्थेतील आरोग्याचे शिक्षण आणायचा केंद्राचा कार्यक्रम 'संस्कृती'च्या नावाने आरडाओरड होऊन महाराष्ट्रात थांबवला गेला. भाषा 1934 च्या फिर्यादींचीच होती. आज शालेय आरोग्य कार्यक्रम कागदावर आहेत. पण वर्गात तोंड उघडायला शिक्षक लाजतात, आणि त्या लाजेची किंमत मोजतात गरिबांची मुले. पैसेवाल्याच्या मुलीला घरात डॉक्टर आणि पुस्तके मिळतात. वाडीवरच्या मुलीची पाळी सुरू झाली आणि शाळेच्या संडासात पाणी नसले, तर ती त्या दिवसांत घरीच बसते. पाणी आणि ज्ञान, दोन्ही लढे तिच्यापाशी एकत्र येतात.

तेव्हा जयंतीची मिरवणूक काढताना एवढे तरी करू या. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतात, त्यांनी दोन प्रश्न विचारावेत : मुलींच्या संडासात पाणी आहे का, आणि प्रजननाचा धडा वर्गात शिकवला का? विहारात डॉक्टर आणि परिचारिकांना बोलावून मुलामुलींचे प्रश्न ऐकावेत. बाबासाहेबांनी ज्या उत्तरांसाठी काळा कोट घातला, ती उत्तरे आपल्या मुलांपर्यंत पोहोचवणे हे आपले काम आहे.

जय भीम!