हॅरॉल्ड प्लेंडरलीथ आणि पुराणवस्तूंचे जतन

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिश म्यूझियममधील अनेक वस्तू विमानहल्ल्यांच्या भयाने लंडनमधील एका भुयारात हलविण्यात आल्या. युद्धानंतर पेट्या उघडल्या तेव्हा लोखंड गंजले होते, ब्राँझवर हिरवे चट्टे उठले होते आणि दगडांवर क्षार फुटून आले होते. शतकानुशतके टिकलेल्या वस्तूंना अल्पावधीत दमट हवेने ग्रासले होते.

या हानीच्या कारणमीमांसेसाठी १९२० मध्ये अलेक्झांडर स्कॉट यांच्या नेतृत्वाखाली प्रयोगशाळा निघाली. तीत १९२४ मध्ये तरुण रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड प्लेंडरलीथ (१८९८–१९९७) दाखल झाले. बिघडलेल्या वस्तूवर उपचार करणे, हे तेथील पहिले काम. परंतु वस्तू बिघडूच नये यासाठी तिच्या भोवतालची हवा राखणे अधिक मोलाचे, हे त्यातूनच स्पष्ट झाले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, संग्रह वेस्टवुड येथील दगडखाणीत ठेवला गेला, तेव्हा तेथील आर्द्रता यंत्रांच्या साहाय्याने नियंत्रित केली होती.

प्लेंडरलीथ यांचा १९५६ चा ग्रंथ जगभरच्या संग्रहालयांत प्रमाण मानला गेला. १९५९ मध्ये ते रोम येथील आंतरराष्ट्रीय जतनकेंद्राचे पहिले संचालक झाले. ब्राँझवरील गंजाचा थर समूळ काढण्यासारख्या त्या काळच्या प्रक्रिया पुढे मागे पडल्या, कारण त्या थराबरोबर वस्तूच्या इतिहासाचा पुरावाही नष्ट होतो. उपचारांपूर्वी कारणाचा शोध घ्यावा, हे तत्त्व मात्र टिकून राहिले.