स्त्रीवेषधारी गायकांनीं स्थापिलेल्या नाटकमंडळ्या

स्त्रीवेष धारण करून नाचणाऱ्या पुरुषास अमरकोशाच्या नाट्यवर्गांत ‘भ्रुकुंस’ अशी संज्ञा आहे. तेव्हां हा प्रकार अर्वाचीन नव्हे. परंतु अशा नटांनीं स्वतःची संगीतमंडळी काढावी, हा विशेष मात्र अलीकडचा होय.

नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांनीं गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांसह किर्लोस्कर मंडळी सोडून १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळी काढिली. येथूनच या प्रकाराचा आरंभ झाला असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तें मान्य नाहीं. शारदेच्या भूमिकेनें बालपणींच नांवारूपास आलेले केशवराव भोसले यांनीं हुबळीस ‘ललितकलादर्श’ स्थापिली ती १९०८ सालीं, म्हणजे पांच वर्षें आधीं. बालगंधर्वांच्या तेजानें हा कालक्रम झांकला गेला, इतकेंच.

पुढें ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं उभय मंडळ्यांनीं संयुक्त ‘मानापमान’ केलें. भामिनी बालगंधर्व, आणि एके काळची शारदा तीच आतां धैर्यधर! त्याच वर्षीं ऑक्टोबरांत केशवराव वारले.

या मंडळ्यांचा खरा इतिहास त्यांच्या हिशेबांत आहे: शालू, दागिने, साथीदारांचे पगार, कर्ज. मांजरीस एका घरीं अशा वह्या असल्याचें कळल्यावरून आम्ही गेलों, तों त्या आठवड्यापूर्वींच रद्दींत गेल्या होत्या. इनामाची सनद मात्र रेशमी रुमालांत जपून ठेविली होती. ती त्यांनीं आम्हांस मोठ्या अगत्यानें दाखविली.