हंगेरीतील रोमा लोकगीत : स्वर, ताल आणि शब्द

‘जिप्सी संगीत’ म्हटले की व्हायोलिन व सिंबालोम यांचे हंगेरियन वाद्यवृंद बहुतेकांस आठवतात. या समजुतीस मोठा आधार मिळाला तो फ्रान्झ लिस्ट यांच्या १८५९ मधील ग्रंथामुळे. हंगेरीचे हे संगीत मुळात जिप्सींचीच निर्मिती होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. बेला बार्तोक यांनी १९३१ मध्ये त्याचे खंडन केले. हे व्यावसायिक वादक मुख्यतः हंगेरियन रचनाकारांची लोकप्रिय गीते वाजवीत. रोमा लोकांची स्वभाषेतील गाणी याहून सर्वस्वी निराळी आहेत, असे त्यांनी दाखवून दिले.

ही निराळी गाणी विशेषेकरून व्लाख रोमा समाजाने जतन केली. त्यांचे प्रकार दोन. पहिला ‘लोकी गिली’, म्हणजे संथ गीत. हे नियमित तालात बांधलेले नसते. एकाने आरंभ करावा आणि जमलेल्यांनी साथ द्यावी, अशी त्याची रीत. दुसरा ‘खेलिमास्की गिली’, म्हणजे नृत्यगीत. यात अर्थपूर्ण शब्द थोडे. निरर्थक अक्षरांची द्रुत आवर्तने अधिक. परंपरेने वाद्य नसल्यामुळे वाद्याचे कार्य कंठच करतो. एक जण अक्षरे घोळवीत चाल पुढे नेतो, तर दुसरा मुखाने खर्जातील आघात मात्रांच्या मध्ये टाकतो. चुटक्या, टाळ्या, चमचे आणि पाण्याची धातूची बरणी एवढीच काय ती तालाची सामग्री.

भाषाभ्यासकास येथील शब्द विशेष उद्बोधक वाटतील. रोमानी भाषेचे भारतीय मूळ र्यूडिगर यांनी १७८२ मध्ये मांडले. रोमानीत स्वरमध्यस्थ ‘त’चा ‘ल’ होतो : ‘शीत’चे ‘शिल’, तसेच ‘गीत’चे ‘गिली’. ‘खेलिमास्की’ हे आपल्या ‘खेळ’चे, तर ‘लोकी’ हे ‘लघु’पासून आलेल्या आपल्या ‘हळू’चे आप्त होय. मात्र साम्य फसवेही असते. रोमानी ‘गेलो’ आणि मराठी ‘गेलो’ दोन्ही ‘गत’शी संबद्ध खरे, परंतु रोमानीतील ‘ल’ हा ‘त’चा विकार आहे, मराठीतील ‘ल’ प्रत्ययातून आला आहे.

हीच सावधगिरी संगीताबाबतही बाळगली पाहिजे. शब्द भारतीय म्हणून चालही भारतीय, हे अनुमान अनेकांस मोह घालते. शब्दांचे नाते ध्वनिनियमांनी पारखता येते. सुरावटींसाठी तशी कसोटी हाती नाही. शिवाय ही गीते शतकानुशतके रोमानियन व हंगेरियन शेजारात घडली. १९७८ मध्ये बुडापेस्ट येथे स्थापन झालेल्या ‘काली याग’ (काळी आग) या पथकाने तर त्यांना गिटारची जोड दिली, आणि तीही रोमांनी आपलीशी केली.

व्लाख रोमा आपल्या गीतास ‘चाची वोर्बा’, म्हणजे ‘खरे बोलणे’, असेही म्हणतात. यातील ‘चाची’ ‘सत्य’पासून आलेला, आपल्या ‘साच’चा सोयरा, ‘वोर्बा’ रोमानियनातून घेतलेला. या दोन शब्दांपैकी एकास अस्सल आणि दुसऱ्यास उसना ठरवून गीताचा अर्थ लागत नाही. दोन्ही मिळूनच ते खरे बोलणे होते.