जीप वाहनाचा इतिहास : निर्मितीचे श्रेय आणि लोकोपयोग

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धाच्या गरजेतून जन्मलेली जीप युद्धानंतर शेती, प्रशासन व प्रवासी वाहतूक या क्षेत्रांत स्थिरावली. तिच्या आकर्षणाचे कारण सामान्यतः युद्धातील पराक्रमात वा साहसाच्या ओढीत शोधले जाते. साधी रचना आणि दुरुस्तीतील सुलभता यांमुळेच ती सामान्यांच्या वापरात टिकली, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

निर्मिती आणि श्रेय

जुलै १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने हलक्या टेहळणी वाहनासाठी १३५ कंपन्यांकडून निविदा मागविल्या. पहिला नमुना ४९ दिवसांत देण्याची अट होती. बँटम या लहान कंपनीने कार्ल प्रोब्स्ट यांच्या आराखड्यानुसार २३ सप्टेंबर १९४० रोजी तो सादर केला. परंतु मोठा पुरवठा करण्याच्या तिच्या क्षमतेविषयी सैन्य साशंक असल्याने विलीज व फोर्ड यांनाही संधी मिळाली. युद्धकाळात या दोन कंपन्यांनी सुमारे ६ लाख ४० हजार जीप बनविल्या. बँटमकडे मुख्यतः ट्रेलरनिर्मितीचे काम उरले. विलीजने जाहिरातींतून केलेला जनकत्वाचा दावा १९४८ मध्ये अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाने अमान्य केला. तरीही १९५० मध्ये 'जीप' हे नाव विलीजचीच व्यापारमुद्रा म्हणून नोंदले गेले.

भारतातील वाटचाल

१९४५ मध्ये स्थापन झालेल्या 'महिंद्र अँड मोहम्मद' या कंपनीतील भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. आयात केलेल्या सुट्या भागांपासून विलीज जीपची जोडणी मुंबईत माझगाव येथे सुरू झाली. चारही चाकांना शक्ती देणारी यंत्रणा, भक्कम चासी आणि कमानपाटे यांमुळे कच्च्या रस्त्यांवर हे वाहन उपयुक्त ठरले. पुढे सरकारी दौरे आणि निवडणूक प्रचार यांच्याशी त्याचे नाते जुळले.

ग्रामीण महाराष्ट्रात याच घडणीच्या वाहनांनी वेगळी भूमिका बजावली. एस.टी.च्या फेऱ्या अपुऱ्या असलेल्या गावांना पश्चिम महाराष्ट्रात 'वडाप'ने, तर विदर्भ-मराठवाड्यात 'काळी-पिवळी'ने बाजारपेठ, रुग्णालय व महाविद्यालय यांच्याशी जोडले. क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी भरणारी ही वाहतूक अनेकदा नियमबाह्य व धोकादायक होती; तथापि तिची सामाजिक गरज नाकारता येत नाही.

समारोप

२०१० मध्ये आलेल्या आणि २०२० मध्ये नव्या रूपात सादर झालेल्या 'थार'ने जीपचे बाह्यरूप शहरी हौसेशी जोडले. आता तिचा इतिहास कंपन्यांच्या जाहिरातींतून सांगितला जातो. बँटमच्या बाबतीत जे घडले, तेच वडापचालक आणि गावोगावच्या मिस्त्रींच्या बाबतीत घडण्याची शक्यता आहे. ती पिढी वृद्ध होत असताना तिच्या आठवणींचे मौखिक संकलन महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हाती घेणे अगत्याचे ठरते.